तीन मिनिटं वरच थांबा

हेलिपॅडचं काम आमच्या बांधकाम खात्यात कुणालाच नको असायचं. रस्ता केला तर वर्षानुवर्षं लोक त्यावरून जातात. हेलिपॅड एका दुपारपुरतं असतं. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर मुंबईपर्यंत बोभाटा होतो. म्हणून धुळ्याला राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा ठरल्या आणि समारोपाला मंत्री हेलिकॉप्टरने येणार असं पत्र आलं, तेव्हा आमच्या उपविभागातल्या तिघा कनिष्ठ अभियंत्यांपैकी एकाची कंबर धरली, दुसऱ्याच्या सासऱ्यांची तब्येत बिघडली आणि उरले मी.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी धरणगावची. पदविका घेऊन नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि ती दोन्ही साक्रीकडच्या मोऱ्यांवर गेली होती. धुळ्याच्या कार्यालयात अभियंता बाई मी एकटीच. साइटवर लोक मला 'ताई' म्हणत, कार्यालयात 'बाई' आणि पत्रात 'श्री.' हेलिपॅडच्या आदेशातही 'श्री.'च होतं. आमच्या उपअभियंता साहेबांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "सोपं काम आहे. सपाट करायचं, पाणी मारायचं, चुन्याने एच काढायचा. बाकी हेलिकॉप्टर आपोआप उतरतं."

साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त वरून कुणी येणार म्हटलं की त्यांना घाम फुटायचा, मग ते जीपने येवोत की आकाशातून.

जागा ठरली होती कॉलेजच्या मैदानाला लागून असलेल्या वावरात. मैदान पूर्वेला, वावर पश्चिमेला, मध्ये नुसता बांध. कापूस निघालेला, पऱ्हाट्या उपटून झालेल्या. आमचे मुकादम होते, त्यांना सगळे आबा म्हणत. साठीला टेकलेले, डोक्याला पांढरं पागोटं, बोलणं अस्सल खानदेशी. त्यांनी आठ माणसं आणि एक रोलर घेऊन दोन दिवसांत ढेकळं दाबून ते वावर खळ्यासारखं केलं. मग चुन्याची पाटी हातात घेऊन मला विचारलं, "ताई, हाई एच मराठी लिखू का इंग्रजी?"

मी म्हटलं, "इंग्रजी, आबा."

"तेन्हं डोकं कोनीकडे करानं?"

मी दिशा सांगायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. इंग्रजी एचला डोकं-पाय सारखेच. आबा चुना घेऊन ताटकळत उभे आणि मी हवेत बोट धरून. शेवटी दोघंही हसलो.

वाऱ्याची दिशा दाखवायला कापडाची एक नळी लागते. ती काठीला बांधतात. वारा भरला की फुगते आणि वैमानिकाला वरून कळतं की वारा कुठून कुठे वाहतोय. खात्याच्या भांडारात तसली वस्तू नव्हती. मी भगव्या रंगाचं दोन वार कापड घेऊन बाजारातल्या एका शिंप्याकडे गेले. वयस्कर मुसलमान मास्टर, गळ्यात टेप. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं, वर रुंद, खाली निमुळतं, दोन्ही टोकांना उघडं. त्यांनी बराच वेळ कागद फिरवून फिरवून पाहिला.

"बाई, हा एक पाय झाला. दुसरा?"

"एकच पाहिजे."

"कमरेचं माप?"

मी सांगितलं, कुणाला घालायचं नाही, हेलिकॉप्टरसाठी आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, "मग कापड कमी आणलं," एवढंच म्हणाले आणि पदरचं अस्तर लावून अशी मजबूत नळी शिवून दिली की ती पुढे मी चार वर्षं वापरली.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सरकारी वैमानिक जागा पाहायला आला. एकटाच, औरंगाबादहून. सैन्यातून निवृत्त झालेला, पन्नाशीचा, मूळचा नागपूरचा, आवाज अगदी हळू. हेलिकॉप्टर इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि आम्ही पाणी मारलं होतं ते सकाळी. दुपारपर्यंत वरचा थर सुकून गेला होता. ते खाली येऊ लागलं तशी वावरातली सगळी माती उठली. चारी बाजूंनी भिंतीसारखी. आबांचं पागोटं बांधापलीकडे गेलं. मी डोळे मिटून खाली बसले.

डोळे उघडले तेव्हा मैदानाकडून खोकण्याचे आवाज येत होते. तिथे आमच्या जिल्ह्याच्या मुलींचा सराव चालू होता. खेळाचं अंगण त्या काळी मातीचंच असायचं. चाळलेली माती पसरून, पाणी शिंपडून, दाबून केलेलं. त्यावर आता बोटभर वावर पसरलं होतं. एक मुलगी नळाखाली डोळे धूत होती, दुसऱ्या दोघी तिच्या पापण्या धरून होत्या. स्पर्धेचे कार्यवाह म्हणजे एका शाळेचे खेळाचे शिक्षक. ते बांधावरून उतरून माझ्याकडे आले आणि चढ्या आवाजात न बोलता म्हणाले, "बाई, उद्या संध्याकाळी मुलींची अंतिम फेरी आहे. चढाई करणाऱ्या मुलीच्या डोळ्यात कण गेला तर ती कुणाचा पाय कुठे आहे हे कसं बघणार? मी या मुलींना चार महिने पहाटे पाचला उठवलंय."

मी तडक वैमानिकाकडे गेले. तो हेलिकॉप्टरला टेकून डब्यातलं केळं खात होता. त्याला म्हटलं, मला नीट शिकवा, हे कसं करायचं असतं.

तो आधी माझ्याकडे आणि मग साहेबांकडे बघायला लागला. साहेब लांब सावलीत उभे होते. मग केळ्याची साल पिशवीत ठेवून तो म्हणाला, "या इकडे."

तासभर त्याने मला उन्हात उभं केलं. हेलिपॅड बांधापासून जमेल तेवढं लांब, वावराच्या पश्चिम टोकाला सरकवायला लावलं. हेलिकॉप्टर नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, हे सांगितलं. म्हणजे वारा मैदानाकडून वावराकडे वाहत असेल, तर ते पश्चिमेच्या मोकळ्या शेतांवरून येईल आणि धूळ मागे जाईल. काही त्रास नाही. वारा उलटा असेल, तर त्याला मैदानावरूनच खाली यावं लागेल आणि धूळही मैदानावरच जाईल. पाणी उतरण्याच्या अर्धा तास आधी मारायचं, सकाळी नाही. मग हाताच्या खुणा. दोन्ही हात सरळ वर म्हणजे इथे, माझ्यासमोर या. हात आडवे पसरले की तिथेच थांबा. डोक्यावर हातांची फुली करून हलवली तर उतरू नका, वर निघा.

"ही शेवटची खूण मी केली आणि तुम्हाला आत बसलेल्या साहेबांनी सांगितलं की उतरा, तर?" मी विचारलं.

"मी खाली उभ्या असलेल्या माणसाचं ऐकतो," तो म्हणाला. "खालचं त्यालाच दिसतं."

रात्री भाड्याच्या खोलीत आरशासमोर मी त्या खुणा पुन्हा पुन्हा करून पाहिल्या. घरमालकीण दारातून डोकावली आणि काही न विचारता गेली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असा होता. मंत्री तीन वाजता येणार, चार वाजता मुलींची अंतिम फेरी त्यांच्यासमोर, मग मुलांची, मग बक्षिसं. सूर्य मावळायच्या आत हेलिकॉप्टरने परत निघायचं, कारण अंधारात ते उडत नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. माझ्याजवळ बिनतारी संचाचा एक शिपाई दिला होता. तो दर पाच मिनिटांनी कानाला यंत्र लावायचा आणि मान हलवायचा. मंत्री आधीच्या गावीच अडकले होते. चार वाजता कार्यवाह सरांनी ठरवलं, थांबलो तर उजेड जाईल. त्यांनी मुलींचा सामना सुरू करून टाकला. मैदानाभोवती माणसांची भिंत उभी होती. मला खेळ दिसत नव्हता, फक्त मध्येच गर्दी एकदम ओरडायची तेव्हा कळायचं की कुणीतरी बाद झालं.

सव्वाचारला शिपाई म्हणाला, "निघाले. पंचवीस मिनिटं."

आबांनी टँकर लावला, सगळ्या वावरावर पाणी मारलं. टँकर रिकामा होऊन पुन्हा भरायला गेला. भगवी नळी काठीवर पश्चिमेकडे फुगलेली होती, म्हणजे वारा मैदानाकडून येत होता. सगळं जसं हवं तसं.

तेवढ्यात आवाज आला. दहाच मिनिटं झाली होती आणि आवाज भलत्याच दिशेने, सुरतेच्या रस्त्याकडून येत होता. मी शिपायाकडे पाहिलं, शिपाई माझ्याकडे. एक छोटं, पांढरं-निळं हेलिकॉप्टर वावरावर घिरट्या घालायला लागलं.

साहेब धापा टाकत आले. स्पर्धेचे मोठे ढाल-चषक ज्या गिरणीमालकांनी दिले होते ते स्वतःच्या हेलिकॉप्टरने येतील असं कुणीतरी कधीतरी बोललं होतं, असं त्यांना आता आठवलं. लेखी काही नव्हतं.

"उतरू द्या," साहेब म्हणाले.

दुसरा इलाजही नव्हता. मी हात वर केले. ते आलं, एचच्या बरोबर मध्ये बसलं, गिरणीमालक उतरून हार घ्यायला गेले. आणि त्यांचा तरुण वैमानिक इंजिन बंद करायला लागला. मी वाकून धावत त्याच्या खिडकीपाशी गेले. मुकादमांना हाक मारून मारून माझा आवाज तयार झाला होता, तो कामी आला.

"बंद करू नका. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येतंय. तुमचं त्या चिंचेपलीकडे न्या."

त्याने वावराच्या टोकाला असलेल्या चिंचेकडे पाहिलं. पलीकडे कडक पडीक जमीन होती, ती मी सकाळीच पायाखालून घातली होती.

"कोण सांगतंय?" त्याने विचारलं.

"मी."

"तुम्ही कोण?"

"इथली वाहतूक माझ्याकडे आहे," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले, हेलिकॉप्टर माणूसभर उचललं आणि चिंचेपलीकडे नेऊन ठेवलं.

एच मोकळा झाला. पण पाहते तर आम्ही मारलेलं पाणी आणि त्या पाण्याने बसलेला थर दोन्ही उडून गेले होते. खालची कोरडी माती वर आली होती. टँकर अजून परतला नव्हता. आणि आबा माझ्या शेजारी येऊन काठीकडे बोट दाखवत होते.

"ताई, वारा पलटी गया. आते बठ्ठी धूय पोरीस्ना डोयामा जाई."

नळी आता मैदानाकडे फुगली होती. सगळी धूळ पोरींच्या डोळ्यांत जाणार होती.

मी बांधाकडे धावले. कार्यवाह सर तिथेच होते, त्यांनीही आवाज ऐकला होता. "किती राहिलंय?" मी विचारलं.

"तीन मिनिटं. गुण बरोबरीत आहेत. आपली मुलगी चढाईला चाललीय." मग ते थांबले आणि म्हणाले, "बाई, मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. मंत्री आहेत."

मी परत एचकडे गेले आणि वाऱ्याकडे पाठ करून, मैदानाकडे तोंड करून उभी राहिले. माणसांच्या भिंतीच्या वर, झेंड्यांच्याही वर, सरकारी हेलिकॉप्टर दिसायला लागलं होतं. लळिंगच्या किल्ल्याच्या अंगाने आलं, वळलं, आणि वाऱ्याला तोंड देत मैदानावरून सरळ माझ्या दिशेने उतरू लागलं. साहेब गुच्छ घेऊन माझ्या मागे उभे होते.

"घ्या खाली," ते म्हणाले.

मला भीती वाटली होती, हे कबूल करते. साहेबांची किंवा मंत्र्यांची नाही. माझे हात चुकतील, तो भलतंच समजेल आणि काहीतरी आपटेल, याची. मी दोन्ही हात डोक्यावर नेले, फुली केली आणि हलवली.

"अहो, काय करताय?" साहेब म्हणाले.

मी हलवतच राहिले. एक क्षण ते तसंच खाली येत होतं. मग त्याचं नाक थोडं उचललं गेलं, आवाज बदलला आणि ते आमच्या डोक्यावरून उंच निघून गेलं. खालची माती जेमतेम हलली.

साहेबांच्या गुच्छातली झेंडूची एक-एक पाकळी त्यांच्या बुटांवर पडत होती. ते म्हणाले, "ते आता परत गेले तर?"

"घिरटी घालतायत, साहेब."

"किती वेळ?"

"तीन मिनिटं."

"तीन मिनिटं मंत्र्यांना वर फिरवायचं," ते स्वतःशीच म्हणाले, जणू कुठल्याशा नियमावलीत ते कलम शोधत होते.

हेलिकॉप्टर शहरावर मोठी फेरी मारून पांझरा नदीच्या बाजूला गेलं. आबांनी मधल्या वेळात आठही माणसांना बादल्या देऊन विहिरीवर पळवलं होतं. ते एचच्या भोवती पाणी शिंपडत होते. शिपायाच्या यंत्रात कुणीतरी काहीतरी विचारत होतं. तो म्हणाला, "बाई, काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, तीन मिनिटं वरच थांबा. खाली खेळ चालू आहे." त्याने अगदी तसंच सांगितलं. मागाहून वाटलं, 'जागा तयार नाही' असं सांगायला हवं होतं, पण सुचलं ते हे.

मग मैदानावरून एक मोठी आरोळी आली आणि ती थांबेचना. बांधावर कार्यवाह सरांनी रुमाल हलवला. मी वळून पाहिलं, हेलिकॉप्टर पुन्हा रांगेत आलं होतं. मी हात सरळ वर केले. गर्दी डोळ्यांवर पदर-रुमाल धरून खाली बसली. धूळ उडाली, भरपूर उडाली, आणि मैदानावर गेली. पण तेव्हा तिथे कुणी श्वास कोंडून चढाई करत नव्हतं.

मंत्री उतरले. मी मनात खुलाशाची वाक्यं जुळवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. साहेबांकडून गुच्छ घेतला आणि चालू लागले. चालता चालता साहेबांना म्हणाले, "बरं झालं, गाव वरून नीट पाहून झालं." साहेब 'हो साहेब, हो साहेब' करत त्यांच्या मागे गेले. वैमानिक खाली उतरला, एचजवळची ओली-कोरडी माती पायाने चाचपली, चिंचेपलीकडचं दुसरं हेलिकॉप्टर पाहिलं.

"ते कुठून आलं?" त्याने विचारलं.

"न सांगता."

"आणि हलवलं कुणी?"

"मीच सांगितलं त्याला."

त्याने मान डोलावली. "फुली करताना कोपर जरा ताठ ठेवा. वरून स्पष्ट दिसतं," एवढं म्हणून तो पाणी प्यायला गेला.

मुलांचा सामना उरकून बक्षिसं होईपर्यंत सूर्य बराच खाली आला. आता निघण्याचा घोळ. गिरणीमालकांना आधी निघायचं होतं, त्यांचा माणूस दोनदा येऊन सांगून गेला. ते आधी उठले असते तर सगळी धूळ मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरवर बसली असती, म्हणून मी त्यांना थांबवलं. आधी मंत्री, मग पाच मिनिटं धूळ खाली बसेपर्यंत थांबून गिरणीमालक. त्या पाच मिनिटांत ते माझ्याकडे काचेतून ज्या नजरेने बघत होते, ती मी मनाला लावून घेतली नाही. दोन्ही ठिपके दिसेनासे झाले. मी बांधावर बसले. आबांनी काठीवरची नळी सोडून घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

नळावर तोंड धुवायला मी मैदानात गेले तर आमच्या जिल्ह्याच्या मुली तिथेच होत्या. गुडघे सोललेले, केसांत माती, चुरमुऱ्यांचा भत्ता खात बसलेल्या. आदल्या दिवशी जिच्या डोळ्यात कण गेला होता ती मला ओळखून उठून उभी राहिली आणि पुढ्यातला भत्त्याचा कागद पुढे केला. मी मूठभर घेतला आणि विचारलं, "मग, कोण जिंकलं?"

त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मॅडम, तुम्ही पाहिलं नाही?"

"मी शेजारच्या वावरात होते."

"आम्ही हरलो," ती म्हणाली. "एका गुणाने. शेवटच्या चढाईत मीच पकडले गेले." आणि मग हसून म्हणाली, "पण पकड झकास होती तिची. दिसली मला येताना, तरी सुटता आलं नाही."

आम्ही भत्ता संपवला. कार्यवाह सर आले, त्यांनी माझ्याकडे पाहून नुसते हात जोडले आणि मुलींना बसकडे घेऊन गेले.

चार दिवसांनी साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक टंकलिखित कागद होता. मंत्रिमहोदयांच्या हेलिकॉप्टरला उतरण्यास विलंब का झाला, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खाली साहेबांचीच सही.

"वरून फोन आला होता," ते म्हणाले. "द्यावाच लागला."

मी म्हटलं, "साहेब, मी आजच लिहून देते. खेळ चालू होता, म्हणून."

"तसं नका लिहू." त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. त्यावर त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात सात ओळी होत्या. त्यात वाऱ्याच्या दिशेत अकस्मात झालेला बदल होता, पूर्वसूचनेविना आलेलं दुसरं हेलिकॉप्टर होतं, जनसमुदायाची सुरक्षितता होती. कबड्डीचा उल्लेख कुठेच नव्हता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की, संबंधित कनिष्ठ अभियंता यांनी प्रसंगावधान राखले.

"तुमची भाषा जरा सरळ पडते," साहेब म्हणाले. "ही घ्या. तुमच्या अक्षरात उतरवून काढा."

मी तिथेच त्यांच्यासमोर बसून ते उतरवून काढलं. 'प्रसंगावधान राखले' स्वतःबद्दलच लिहिताना मला लाज वाटली, म्हणून मी पेन थांबवलं. साहेबांनी फायलीतून डोकं न काढता सांगितलं, "राहू द्या, राहू द्या ते." मी ते राहू दिलं.

पुढे मी जळगावला बदलून गेले. तिथे कुठेही हेलिकॉप्टर उतरायचं म्हटलं, चाळीसगाव असो की आणखी कुठे, की कार्यालयात कुणाची कंबर धरायची नाही. सगळे आधीच माझ्याकडे बघायचे.